समुद्र दिसतो, अंजिरं मिळतात

...आणि वर पाच तारे! माझ्या खळ्याला! अहो, ज्या खळ्यावर माझ्या बापाने गहू मळला, आज्याने मळला, त्याला हॉलंडची कोण कुठली बाई मोबाईलवर पाच तारे देते आणि खाली लिहिते, ‘फुकट मुक्काम. समुद्र दिसतो. सकाळी म्हातारा अंजिरं आणून देतो.’ म्हातारा! बाई, पानागोस म्हणतात मला, पण जाऊ दे...

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. तीन वर्षांपूर्वी पहिली गाडी आली. त्या असतात ना, आत पलंग, चूल, अख्खा संसार घेऊन फिरणाऱ्या, तसली. खळ्यावर येऊन उभी. आता आमच्या या मानी नावाच्या डोंगराळ भागात आपल्या जमिनीवर आला तो पाहुणा, मग तो विचारून येवो की न विचारता. मी अंजिरं नेली, गार पाणी नेलं. झालं! त्यांनी टाकलं मोबाईलवर, आणि तेव्हापासून मे महिना लागला की रांग. एक जातो, दुसरा येतो, तिसरा वळणावर थांबून कोण निघतंय का ते बघतो. आमची ही, स्तामाता, म्हणते, “हाकला की!” अगं हाकला काय... पाहुण्याला जा म्हणता येतं का? तुम्हीच सांगा!

बरं, यंदा गोष्ट वेगळी होती. यंदा थोदोरिस येणार होता, माझा मुलगा. जर्मनीत असतो, सात वर्षांत इकडे फिरकला नाही. ऑगस्टात मरियमच्या सणाला येतो म्हणाला, बायको-पोरीला घेऊन. नात सहा वर्षांची झाली हो, मी तिला फक्त फोनमध्ये पाहिलीय! आणि यानेही घेतलीय तसलीच गाडी. म्हणाला, “बाबा, घरात उकडतं, आम्ही खळ्यावरच लावू.” लाव की राजा, खळं तुझंच! मी काटे उपटले, बांध नीट रचला, ऑलिव्हच्या फांदीला नातीसाठी झोका बांधला... आणि दोन दिवसांत मोबाईलवर काय? ‘आता झोकाही आहे’!

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी बघतो तर खळ्यावर तीन गाड्या आणि झोक्यावर एक पन्नाशीचा फ्रेंच बाप्या! स्तामाता म्हणाली, “आज तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत, तर मी तुमच्याशी बोलणार नाही.” काठी उचलली. तरातरा निघालो. दारापर्यंत गेलो आणि वाटलं, कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मग एका हातात काठी, दुसऱ्या हातात अंजिरांची ताटली. असा भांडायला निघालेला माणूस पाहिलाय तुम्ही कधी?

आता म्हणतोच, उठा, माझा मुलगा येतोय... ओठावर आलं होतं हो! तेवढ्यात एका बाईने खुर्ची पुढे सरकवली, मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, “बसा ना, कॉफी घ्या.” माझ्याच खळ्यावर मला बसा म्हणते! आणि मी बसलो. कॉफी प्यालो. आता जिची कॉफी प्यालो तिला...

दुपारी थोदोरिसचा फोन. म्हणाला, “बाबा, मोबाईलवर खळं भरलेलं दाखवतंय. तुमचा रस्ता एवढासा, गाडी वळवू कुठे? उठवा की त्यांना.” मी म्हटलं, अरे, पाहुण्याला जा म्हणता येतं का? तूच सांग! गाडी खाली गावात लाव, घरात या, मी जमिनीवर झोपतो. तर म्हणाला, “नको बाबा, उगाच त्रास. इकडे वीस किलोमीटरवर एक जागा मिळालीय. फुकट आहे, समुद्र दिसतो. आणि उद्या सकाळी बेटावर जायची बोट आहे... पुढच्या वर्षी नक्की.”

मी विचारलं, पोरगी कुठाय? “ही काय. इथे एक आजोबा आहेत, त्यांनी खरबूज आणून दिलं, त्यांच्याच मांडीवर बसून खातेय.”

त्यांना नातवंडं आहेत का रे, विचारलं.

“कुणास ठाऊक, बाबा. एकटेच दिसतात.”

म्हटलं, बरं. खरबूज तेवढं सगळं संपवा. तुम्ही निघून गेल्यावर तसंच पडलेलं त्यांना सापडायला नको.