डागासकट सोफा

टायरचा कारखाना बंद पडल्यापासून ओहायोतली आमची बेकारभत्त्याची रांग लांबत चालली होती. माझ्यापुढे डोरीन आणि व्हेल्मा उभ्या होत्या.

"टीव्ही मालिकावाले आमचा सोफा विकत घेऊन गेले," डोरीन म्हणाली.

"तो फाटका?"

"कामगाराचं घर दाखवायचंय म्हणाले. मी डाग पुसायला गेले, तर माझा हात धरला."

"मग नवा घेतलास?"

"नाही गं. त्या पैशांत टीव्ही दुरुस्त केला."

"दिसतो का सोफा?"

"दर मंगळवारी. त्यातला नवरा कामावरून येतो आणि बुटांसकट त्यावर आडवा होतो."

"म्हणजे त्याचा कारखाना चालू आहे?"

"चालू आहे. परवाच्या भागात त्याला मुकादम केलं."

"आणि तुझा नवरा, अर्ल?"

"जमिनीवर बसून बघतो. परवा त्यानं टाळ्या वाजवल्या."