मध्यंतरातली रांग

मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्यामागे एक वेल्डर आणि त्याची ताई उभे होते.

“ताई, मी निघतो. पडद्यावर ग्लास भरला की घशाला कोरड पडते.”

“घरी जाणार की गुत्त्यावर?”

“गुत्त्यावर.”

“अरे, इतके महिने प्यायला नाहीस, ते सगळं पाण्यात घालशील!”

“समजावू नकोस गं. सिनेमातल्या त्या दारुड्यालाही बायकोनं कमी समजावलं का? दुसरा दारुडा भेटला, बोलत बसला, तेव्हाच तो टिकला.”

“आता दारुडा कुठून आणू? मी पिऊ?”

“नको बाई, शुद्धीतच तुझी बडबड आवरत नाही.”

मग त्याने आवाज चढवला.

“माफ करा, इथं कुणी दारू सोडलेलं आहे का? मला उरलेला सिनेमा बघायचाच आहे.”

माझ्यापुढच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

“मी आहे. माझाही घसा कोरडा पडलाय. चल, माझ्या शेजारी बस.”