द्वारपालाचं मन

दाताच्या दवाखान्यात शेजारी-शेजारी बहीणभाऊ बसले होते.

"ताई, घरात 'हो' नि 'नको'वर भागवणारे बाबा काल आपल्या सोंगं घेऊन खेळायच्या खेळात वजीर होऊन द्वारपालाशी पाच मिनिटं बोलले. वर तू त्यांना फासा टाकायला लावलंस?"

"खेळ मी चालवते. मन वळवायचं तर फासा टाकायचा, हा नियम आहे. छान बोलले म्हणून दोन गुण वाढवूनही दिले."

"तरी दान कमी पडलं नि दार बंदच. सगळ्यावर पाणी."

"दार उघडलं असतं तर बाबा परत गप्प झाले असते."

"म्हणजे?"

"तू चहा टाकायला गेलास, तेव्हा त्यांनी द्वारपालाला विचारलं, 'दिवसभर उभा असतोस, दमत नाहीस का रे?'"

"द्वारपाल तूच होतीस ना?"

"म्हणून तर उत्तर द्यायला वेळ लागला."