पाहुण्याचं पाणी

(पूर्णाकाठचं एक गाव. विहाराचा ओटा. ओट्यावर खारं पाणी गोडं करणारं, कपाटाएवढं यंत्र. वर पत्र्याची पट्टी : 'जनका'.)

पुंजाजी : …म्हनजे बिघडलं नाही?

महामाया : नाही बाबा.

पुंजाजी : मंग काऊन खोलून राह्यली? बिघडलं अस्तं तं मीच म्हनलो अस्तो, न्या बापा, दुरुस्त करा अन् आना. चांगल्या चालत्या मशीनले हात काऊन लावता?

महामाया : कंपनीनं ठरवलं.

पुंजाजी : कंपनी म्हनजे तूच ना वं? पुण्याले कपाशीच्या पऱ्हाट्या जाळू जाळू कोळसा करत कोन बसली होती? पऱ्हाटीचे भारे एसटीच्या टपावर मीच टाकले. कंडक्टर म्हने, काकाजी, पुण्यात काय सरपन सरलं काय? म्या म्हनलं, माह्या पोरीले त्याच्यातून पानी काढाचं हाय. तो अजून हासत असन.

महामाया : मीच होते, बाबा.

शौनक : काका, मी सांगू का? शोध महामायाचाच. त्या कोळशाच्या पाट्या पाण्यातलं मीठ ओढून घेतात, हे तिनंच प्रयोगशाळेत दाखवलं. पण प्रयोगशाळेतून कंपनी उभी करायची तर भांडवल लागतं. ते गुंतवणूकदारांनी दिलं आणि बदल्यात कंपनीचा हिस्सा घेतला. आज त्यांचा हिस्सा आम्हा दोघांपेक्षा मोठा आहे. ते म्हणतात, खेड्यात हे चालणार नाही. हॉटेलांसाठी, कारखान्यांसाठी मोठी यंत्रं बनवा. गावातली काढून आणा.

पुंजाजी : चालनार नाही? अहो शौनकराव, चालून तं राह्यलं! आवाज येते का नाही? या पान्यात दाळ शिजते. हिची माय जनका होती तवा आमच्या घरी दाळ शिजत नव्हती. बिचारी सकाळपासून चुलीपाशी, अन् दाळ आपली टनक ती टनक. बोअरचा घोट घेतला का तोंड वाकडं. डॉक्टर म्हने, तिच्या किडन्या पान्यानंच गेल्या असतीन. असतीन, म्हने. आता पाहा, वरल्या मोहल्ल्यातल्या बाया आपल्या विहाराच्या ओट्यावर घागरी घिऊन बसतात. आंधी लेकरं धाडत होत्या, आता सोता येतात. अन् तुमी म्हनता चालनार नाही.

महामाया : बाबा, घरी दहा-अकराचा पाना आहे का? बोल्ट गंजलेत.

पुंजाजी : आंधी सांगितलं अस्तं तं तेल टाकून ठेवलं अस्तं. तुले खोलायले सोपं गेलं अस्तं.

महामाया : बाबा…

पुंजाजी : आनतो, आनतो. शौनकरावले तं अजून पानीबी नाही देल्लं म्या. दुकानाकून येतो.

शौनक : गेले. आता तरी सांगशील का त्यांना?

महामाया : काय सांगू?

शौनक : खरं. त्यांना वाटतंय तू पैशापाठी लागलीस आणि गाव सोडलंस.

महामाया : वाटू दे.

शौनक : गुंतवणूकदार फंडाचे लोक इथे आले त्या दिवशी…

महामाया : त्या दिवशी बाबांनी मलकापूरहून सीलबंद बाटल्यांचा खोका मागवला. बर्फात ठेवला. पाहुण्यांच्या हातात एकेक दिली. आणि त्यांच्यातल्या बाईंनी या यंत्राला टेकून बाटलीचं झाकण फिरवलं. माहीत आहे, शौनक. मी इथेच उभी होते.

शौनक : आणि अहवालात तेवढंच उरलं. 'गावकऱ्यांचाच या पाण्यावर विश्वास नाही, पाहुण्यांना ते बाटलीचं देतात.' आपल्या चाचण्या, घागरींची रांग, काही म्हणजे काही मोजलं नाही त्यांनी.

महामाया : परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं होतं. "तुमच्या वडिलांनी मुलीच्या यंत्राचं पाणी का नाही दिलं?" मी विषय बदलला.

शौनक : का पण?

महामाया : काय सांगू? माझा बाप लहानपणापासून बघत आलाय. मोठा माणूस दाराशी आला की चहा नको, पाणी नको, आत्ताच घेऊन आलो. दर वेळी आत्ताच. आजी भरला तांब्या तसाच आत न्यायची. सीलबंद बाटलीला कोणी 'आत्ताच' म्हणत नाही रे. बाटली कोणाच्याच हातची नसते.

शौनक : हे सांगितलं असतंस तर…

महामाया : तर त्यांनी माना हलवल्या असत्या. दोन मिनिटं वाईटही वाटून घेतलं असतं. मग पुढचं पान. आणि आज बाबांना सांगितलं ना, की आईच्या नावाचं मशीन तुमच्या पाहुणचारानं गेलं, तर हा माणूस यापुढे कुणाला पाणी विचारायचा नाही. त्यापेक्षा मला पैशापाठची म्हणू दे. मला झेपतं ते.

शौनक : मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा मलाही बाटलीच दिली होती.

महामाया : हो.

शौनक : मी घेतली. मनात काही आलंसुद्धा नाही.

महामाया : माहीत आहे. गप आता, आले ते.

पुंजाजी : हा घे पाना. अन् शौनकराव, ही घ्या तुमची बाटली. थंडी नाही भेटली, दुकानातला फ्रीज बिघडला हाय.

शौनक : काका, मला मशीनचं द्या ना.

पुंजाजी : ह्यॅ! घरचं रोजचं पानी पाहुन्याले देत अस्तात काय?

शौनक : तेच हवंय. तुमच्या तांब्यातून.

पुंजाजी : महामाया, खरंच म्हनून राह्यले काय हे?

महामाया : द्या ना, बाबा.

पुंजाजी : थांबा मंग, तांब्या घासून आनतो.

शौनक : घासू नका. आहे तसाच द्या.

पुंजाजी : …घ्या. हळू, ठसका लागन. अबब! सारा पेले की वं हे! खारट लागलं काय?

शौनक : गोड आहे, काका.

पुंजाजी : माह्या पोरीनं केलं.

महामाया : बाबा, हा पाइप धरा जरा.

पुंजाजी : धरतो. एक इचारू? हे सारं तुह्या डोक्यात हाय ना? मंग दुसरं बनव. लहानसं. आपल्या ओट्यापुरतं.

महामाया : नाही बनवता येत. सही केलीय मी. डोक्यातलं माझंच, पण कागदावर ते कंपनीचं.

पुंजाजी : म्हनजे लेकरू तुव्हं, अन् दत्तक देल्लं.

महामाया : तसंच समजा.

पुंजाजी : अन् जनकाचं नाव? हाटेलातबी तेच लावतीन?

महामाया : नाही. नाव बदलून राह्यले ते. इंग्रजी ठेवतीन काही.

पुंजाजी : बरं झालं. तिले हाटेलात करमलं नस्तं. ती पट्टी मले दे काढून.

महामाया : घ्या. धार आहे कडेला, हात कापाल.

पुंजाजी : पोरी, ते फंडवाले आले तवा आमच्याकून काही चुकलं तं नाही ना? त्या बाई नुस्त्या हासल्या, बोलल्या काही नाहीत. मानपान बराबर झाला ना?

महामाया : बराबर झाला, बाबा. बाटल्या थंडगार होत्या.

पुंजाजी : हाव, बर्फ म्या सोता फोडला होता.

शौनक : महामाया, मी गाडी मागे घेऊन येतो.

महामाया : ये. बाबा, एवढाच बोल्ट राहिला. काढू?

पुंजाजी : थांब. आंधी आत उरलेल्या पान्यानं ही घागर भरू दे.

महामाया : भरा. तुमच्या दोन-चार दिवसांच्या दाळीची सोय होईल.

पुंजाजी : दाळीले कायले? मले खाऱ्याची सवय हाय. हे झाकून ठेवतो. कोनी पाहुनं आलं, अन् शौनकरावसारखं पेतो म्हनलं, तं त्याले देईन.