एल्डनच्या हाताचा पीळ

मार्लीस: ...डॅड म्हणाले होते, 'टेसाला मागं बसवून माझी गाडी काढू नकोस.' मी हसले. म्हटलं, लेकी-नातीपेक्षा गाडीचीच काळजी जास्त तुम्हाला.

ऑर्विल: त्यावर एल्डन, तुझा बाप, काय म्हणाला?

मार्लीस: किल्ली दिली. माझ्या गाडीची बॅटरी बसली होती, टेसाला ताप होता, मला वाद घालायला वेळ नव्हता. तुम्हाला तर माहीतच आहे, ऑर्विलकाका, ते एकदाच सांगतात.

ऑर्विल: माहीत आहे. शाळेत त्याच्या शेजारी बसलोय. बरं, नेमकं झालं काय? सावकाश सांग. मी मेकॅनिक, आधी गाडीचं सांग, तुझ्या जिवाचं नंतर.

मार्लीस: हायवेच्या चौकात थांबले. दोन्हीकडे बघितलं. धान्याचा ट्रक लांब होता, खरंच लांब होता. पॅडल दाबलं, गाडी दोन हात पुढं गेली आणि तिनं आवंढा गिळला. बंद नाही पडली. नुसती अडून राहिली, रस्त्याच्या मधोमध. मी पॅडल पार खाली दाबलं तरी काही नाही. ट्रकवाला भोंगा वाजवत अंगावर आला, शेवटच्या क्षणी बाजूनं काढला. टेसा तापातही मागे टाळ्या वाजवत होती. भोंगा आवडला तिला.

ऑर्विल: हं. बस त्या डब्यावर. इंजिन गार आहे ना? बंदच ठेव. हे एअर फिल्टर काढलं बघ. आता वाकून कार्ब्युरेटरच्या घशात बघ, मी इकडून पॅडलची दांडी हातानं ओढतो. पेट्रोलच्या दोन धारा उडायला हव्यात.

मार्लीस: उडत नाहीयेत. एक थेंब ओघळला नुसता.

ऑर्विल: पुन्हा बघ.

मार्लीस: पुन्हा तेच.

ऑर्विल: मग हेच दुखणं. पॅडल दाबलं की हवा धावत आत घुसते, पेट्रोल मागून रांगत येतं. तेवढ्यापुरती हा छोटा पंप एक चिळकांडी मारतो. ती नसली की इंजिनाला ठसका लागतो. गाडी उभी राहून राहून आतलं चामडं वाळतं, बाकी काही नाही. चामडं बदलतो, दुपारी घेऊन जा.

मार्लीस: पण गाडी उभी कुठं असते? डॅड तर रोज चालवतात.

ऑर्विल: ...बरोबर. आणि हे बघ, पंप उघडला तर चामडं मऊ आहे. नवंच आहे.

मार्लीस: मग?

ऑर्विल: तो टॉर्च जरा इकडं धर. खाली, या दांडीपाशी.

मार्लीस: तार आहे काहीतरी.

ऑर्विल: ही पंप हलवणारी दांडी, ती अडकवायला तीन भोकं असतात. पहिल्यात अडकवली की धार मोठी, शेवटच्यात बारीक. ही शेवटच्यात आहे. वर दांडी वाकवलीय, पंप पुरता हलूच नये म्हणून. आणि परत कुणी सरळ करू नये म्हणून तारेनं आवळलीय.

मार्लीस: कुणी केलं हे? कुठल्या अडाणी मेकॅनिकनं?

ऑर्विल: पीळ बघ, उलटा आहे. डावखुऱ्या माणसाचा. आमच्या दोघांच्या शेतांमधलं कुंपण याच पिळानं बांधलंय, पस्तीस वर्षं झाली.

मार्लीस: डॅड?

ऑर्विल: अकरा वर्षांत त्यानं मला एकदाही बॉनेट उघडू दिलं नाही. मी म्हणायचो, म्हाताऱ्या, तुझी गाडी खोकतेय. म्हणायचा, खोकू दे.

(ऑर्विल फडक्यानं हात पुसतो.)

मार्लीस: अकरा. म्हणजे क्लेटन गेल्यापासून.

ऑर्विल: तुझा भाऊ त्या चौकात कधी थांबला नाही, पोरी. ट्रक दिसला की त्याला चेव यायचा, आपण आधी निघायचं. आणि तेव्हा ही गाडी अशी उसळायची की मान मागं आपटायची. कार्ब्युरेटर मीच लावून दिला होता त्याला. त्याच चौकातल्या अपघातात तो गेला, त्यानंतर गाडीचा पत्राही मीच बदलला. एल्डन म्हणाला, विकायची नाही.

मार्लीस: मी त्यांच्या शेजारी बसलेय कितीदा. चौकात ते पॅडल पार तळाला दाबतात आणि गाडी अडते. तेवढ्यात पुटपुटतात, 'थांब रे, थांब जरा.' मला वाटायचं गाडीशी बोलतात.

ऑर्विल: ट्रक जाऊ देत असेल तेवढ्यात.

मार्लीस: क्लेटनला थांबवत असतात. रोज. आणि त्यापायी परवा माझी टेसा...

ऑर्विल: त्याच्या मनात ते नव्हतं.

मार्लीस: माहीत आहे. म्हणून तर ओरडता येत नाही.

ऑर्विल: सांग मग. तार तोडू की फिल्टर लावून बॉनेट खाली करू? गाडी त्याची आहे, पण आणलीस तू.

मार्लीस: तोडली की काय होईल?

ऑर्विल: पूर्वीसारखी उसळेल. तरुण होईल.

मार्लीस: आणि डॅडच्या पायाला अकरा वर्षांची सवय. ते तळापर्यंतच दाबणार.

ऑर्विल: दांडी सरळ करून मधल्या भोकात घालतो. उसळणार नाही, अडणारही नाही. पण त्याला सांगायला हवं.

मार्लीस: मी सांगते, आजच. तोडा.

ऑर्विल: ...तुटली. घे, तुझ्याकडे असू दे.

मार्लीस: नको. तुम्हीच ठेवा. ऑर्विलकाका, रविवारी माझी इस्पितळात सकाळी सातची पाळी असते. दहाला डॅड दफनभूमीत, क्लेटनकडे जायला निघतात, त्याच चौकातून. या वेळी ती अडणार नाही. 'थांब' म्हणायलासुद्धा वेळ मिळणार नाही त्यांना.

ऑर्विल: मी चर्चमधून त्याच सुमारास, त्याच रस्त्यानं येतो.

मार्लीस: मग त्यांच्या अंगणात वळा. आणि गाडी जागेवर उभी दिसली, म्हणजे ते ठीक आहेत असं समजून पुढं जाऊ नका. उतरून आत जा, आणि त्यांना बघून या.