हवेच्या नळीला वाट

(दक्षिण कोरियातलं जहाजबांधणीचं गाव. सकाळची न्याहारी. बाप वेल्डर, लेक मिरान त्याच कारखान्यात जहाजांचे नकाशे काढते.)

मिरान: हलू नका बाबा. जाकीट काढू नका!

बाबा: अगं, सूप गार होतंय. माझं माप घेऊन शिंप्याला देतेस की काय?

मिरान: खांदे छप्पन्न सेंटिमीटर. जहाजातल्या टाकीत उतरायचं भोक साठ.

बाबा: मग मावतो की!

मिरान: मावता. आत ताजी हवा सोडणारी नळी बाहेर ओढून काढल्यावर.

बाबा: पिल-दोनं चुगली केली वाटतं.

मिरान: पिल-दो काकांनी दवाखान्यात सांगितलं, ऑक्सिजन लावलेला असताना. आत जायला नळी काढली, सगळे आत गेले, आणि ती परत सारायला बाहेर कुणीच नाही.

बाबा: सारली तर आम्ही बाहेर कसे येणार? बुचासारखी बसते ती. वीस वर्षं हेच करतोय, पोरी.

मिरान: वेल्डिंगचा वायू तळाशी साचतो. ना वास, ना रंग. काका सांधा जोडायला वाकले ते उठलेच नाहीत.

बाबा: वाचला ना पण?

मिरान: ते भोक मी काढलंय, बाबा. नियमात नुसत्या माणसाचं माप होतं. जाकीट नव्हतं, मास्क नव्हता, नळी तर नव्हतीच.

बाबा: आणि मी अख्ख्या पाळीला सांगत फिरलो, माझ्या लेकीनं काढलंय म्हणून.

मिरान: नका ना असं बोलू.

बाबा: बरं बाई, नाही बोलत. साहेब काय म्हणाले?

मिरान: नळीला वेगळं भोक द्यायचं, पटलं त्यांना. पण पाचव्या जहाजापासून. आधीच्या चारांचे पत्रे कापून झालेत म्हणे.

बाबा: आम्ही दुसऱ्यावर आहोत.

मिरान: माहीत आहे! त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं. आज नाही म्हणा ना तुम्ही.

बाबा: ठेकेदाराच्या माणसानं नाही म्हटलं की त्याच्या जागी दुसरा वाकतो. टाकी तीच.

मिरान: मग मी काय करू? मला काही सुचत नाहीये, बाबा. निदान बाहेर एकाला उभं करा.

बाबा: चारच माणसं दिलीत. चौघांचंही काम आत.

मिरान: मग भोकापाशी कोण असतं?

बाबा: आमच्या नावांच्या पट्ट्या. आत जाताना टांगतो ना. टोपी दे माझी, बस येईल.