लिस्बनचा तारलो

शेवंती : शीतल, तुझ्या लेकाचं वागणं मला धड दिसत नाही हां. आज राती लईराई देवीच्या निखाऱ्यांतून चालायचंय, आणि हा पाय सोडून झोपाळ्यावर! बाकीचे धोंड, व्रत घेतलेले, तळीवर न्हातायत, ढोल हितपर्यंत ऐकू येतोय. ह्याची वेताची काठी सकाळपासून खुंटीला. हात लावत नाही मरे तिला.

शीतल : आई, लंडनहून आलाय तो. डिचोलीहून म्हापशाला जाऊन आल्यासारखं आहे काय ते?

शेवंती : तू गप. गौरेश, ये रे पुता, हितं बस. तुझा तो लंडनचा दोस्त परेश म्हणत होता, येताना कुठलंसं गाव बघितलंत?

गौरेश : लिस्बन, आजी. ठरवलं काहीच नव्हतं गे. शुक्रवारी कामावरून सुटलो, परेश म्हणाला, चल, दोन दिवस फिरू आणि तिथूनच घरी जाऊ. बॅग उचलली नि निघालो.

शेवंती : कसं आहे?

गौरेश : काय सांगू! समुद्राच्या तोंडावर, सगळा चढ नि उतार. पणजीच्या नदीहून कितीतरी रुंद नदी. पिवळी ट्राम अशा बारक्या गल्लीतून चढते, हात बाहेर काढला तर लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागेल. आणि एका म्हातारीने खिडकीला 'जनेला' म्हटलं. आपलं जनेल! मला वाटलं तुझी बहीणच ती.

शेवंती : मग? बहिणीने काय दिलंन की कोरडाच पाठवलान?

गौरेश : अगे, दारातच शेगडी मांडून तारले मासे भाजत होती. काय वास! डोळे मिटले तर पेडण्याच्या किनाऱ्यावर उभा. पायरीवर बसवलंनच आम्हाला.

शेवंती : कधी म्हणायचं हे?

गौरेश : शनिवारी, दिवेलागणीला.

शेवंती : शनिवारी.

शीतल : आई, चला, पेज निवतेय...

शेवंती : निवू दे. शनिवारी तुझं व्रत चढलं होतं, मासळी बंद होती, गौरेश. फोनवर मला म्हणालास, न्हालो, देवीचं नाव घेतलं, पेज खाल्ली. मी सगळ्या वाड्याला सांगितलं, आमचा धोंड परमुलखात पण पाळतो म्हणून.

गौरेश : एकच तारलो, आजी. तिने हातात दिला, नाही कसं म्हणू? इथं आल्यापासून सगळं पाळलंय.

शेवंती : निखारा पण एकच पुरतो.

शीतल : कुणाला कळणार आहे? परेश तोंड उघडायचा नाही.

शेवंती : तू बोलतेस हे? तुझ्या घोवाचं कुणाला कळलं होतं गे? व्रतात वाळपईच्या लग्नात मासे खाऊन माझा शंभू निखाऱ्यांत उतरला. केळीच्या पानावर निजवला होता त्याला. पान बदलायला गेलं की कातडी पानाबरोबर यायची.

गौरेश : बाबांचे पाय तर खाणीवर... ट्रकखाली...

शेवंती : तसं लोकांना सांगितलं. तुला पण.

शीतल : मग करू काय मी? सुनेसाठी, गौरवीसाठी आंगवण बोललोय देवीला, नवस आहे तो. दोनदा पोट रिकामं झालं पोरीचं. आता सातवा लागलाय. ह्याचे पाय निखाऱ्याला लागले नाहीत तर तिचं काय?

गौरेश : मी उतरतो, आजी. भाजलो तर मी भाजेन.

शेवंती : तूच भाजशील हे तुला कुणी सांगितलं? सकाळी गौरवी मला विचारत होती, आजी, चालताना भितात काय हो हे? म्हटलं, पाळणाऱ्याला कसलं भय, बाय.

(आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज.)

शीतल : देवा! ऐकलंन तिनं.

गौरेश : गौरवी? ... गौरवी, ओ दे गे.

शेवंती : नाही देणार ती. जाऊ नकोस आत.

गौरेश : ढोल वळणावर आला, आजी. मला न्यायला येतायत. काठी दे.

शेवंती : काठी मी नेते. देवीच्या पुढ्यात ठेवून सांगते, यंदा आमच्या घरचा धोंड आला नाही, पोरीला सांभाळ. सांभाळील न सांभाळील, तिची मर्जी.

गौरेश : आणि मी? दारात येतील त्यांना मी काय सांगू?

शेवंती : काही सांगायचं नाही. धोंड आमचा लिस्बनला राहिला. गौरेश, तुम्ही पाहुणे. बसा, शीतल चहा करील, घेऊन जा.